छत्तीस बॉबिनींचा गुंता

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरायला लागलं, तेव्हा माळ्यावर काय टाकायचं आणि बरोबर काय न्यायचं याची यादी सुनेने केली होती. कागदपत्रं, औषधं, धान्याचे डबे, देव. माझी लेसची उशी, म्हणजे जिच्यावर मी बॉबिन लेस विणते ती, त्या यादीत नव्हती. ती मी शेवटच्या घटकेला उचलली, होती तशी चादरीत गुंडाळली आणि विश्रामबागेत बहिणीकडे निघाले. उशीवर दोन बोटं रुंदीची अर्धवट लेस होती आणि तिला लोंबणाऱ्या छत्तीस बॉबिनी. घरातला गाळ काढून, भिंती वाळवून, गणपती बसल्यावर एकदाची ती चादर सोडली. आत जे काही होतं ते पाहून सून म्हणाली, "आई, हे कापून टाका आता."

कापलं नाही. अकरा संध्याकाळी गेल्या, पण सुटलं, जवळजवळ सगळं. त्या अकरा संध्याकाळी मी जे केलं त्यात चिकाटी थोडी होती आणि गणित जास्त होतं. मी आयुष्यभर गणितच शिकवलं, त्यामुळे हे म्हणताना मी पक्षपात करते आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

ही बॉबिन म्हणजे शिलाई मशीनच्या पोटातली चकतीसारखी बॉबिन नव्हे. ही लाकडी काडी. पेन्सिलीएवढी जाड, अर्ध्या वितीएवढी लांब. वरच्या टोकाला बारीक मान, मानेवर दोरा गुंडाळलेला, खालचा भाग बोटांत धरायला. माझ्या पहिल्या चोवीस बॉबिनी भाचीने बेल्जियममधून, ब्रुजहून आणल्या. उरलेल्या बारा मिरजेत झाल्या. सतारी-तंबोऱ्यांच्या खुंट्या कातणाऱ्या घरातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. आता तोच कातकाम करतो. नमुन्याची बॉबिन उलटसुलट करून पाहत त्याने विचारलं, "बाई, ही कुठल्या वाद्याची खुंटी?" लेसची म्हटल्यावर थोडा निराश झाला, पण केल्या छान.

बाकी सामान साधं. लाकडाचा भुसा ठासून भरलेली घट्ट उशी. तिच्यावर नमुन्याचा जाड कागद, त्याला ठरावीक जागी भोकं. उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद आठवा, जवळपास तसाच. रांगोळीत भोकातून ठिपका पडतो, इथे भोकात टाचणी रोवली जाते. दोऱ्याचा एक लांब तुकडा घ्यायचा, त्याची दोन टोकं दोन बॉबिनींवर गुंडाळायची आणि मधला भाग टाचणीला अडकवायचा. ही झाली एक जोडी. अशा जोड्या शेजारी शेजारी टांगायच्या आणि त्यांचे दोरे एकमेकांवरून नेत जायचं. वीण जमली की पुढच्या भोकात टाचणी, मग परत वीण. टाचण्या वीण जागेवर धरतात. बरंच अंतर पुढे गेल्यावर मागच्या टाचण्या काढल्या तरी लेस उसवत नाही.

आणि त्या विणीत गाठ नसते. आपल्याकडे क्रोशा घरोघर, टॅटिंगही बऱ्याच जणींना येतं. क्रोशा म्हणजे फासातून फास. टॅटिंग म्हणजे गाठीला लागून गाठ. बॉबिन लेसमध्ये दोरे फक्त एकमेकांना ओलांडतात. गुंता सोडवायचा तर ही गोष्ट पहिल्यांदा डोक्यात पक्की बसायला हवी.

ही कला युरोपातली, सोळाव्या शतकातली. १५५७ मध्ये व्हेनिसला तिच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं गेलं. १५६१ मध्ये झुरिकला निघालेल्या दुसऱ्या एका पुस्तकात, ही वीण पंचवीसेक वर्षांपूर्वी व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडून आमच्याकडे आली, असं लिहिलं आहे. भारतात ती आली दक्षिणेच्या टोकाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनरी बायकांनी नागरकोइलला ती शिकवायला सुरुवात केली. युरोपात ती अजून जिवंत आहे. स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावात १८७६ पासून लेसची शाळा चालते आणि २०१८ मध्ये युनेस्कोने त्या देशाची बॉबिन लेस अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. सांगलीत मात्र माझ्या उशीभोवती जमणाऱ्या बायका अजून "ही कसली हो पूजा?" असंच विचारतात. त्यात मी बॉबिनींच्या शेपटीला काळ्या मण्यांची कडी घातली आहेत, ती का ते पुढे येईल. त्यामुळे माझ्या सगळ्या बॉबिनी सवाष्णी झाल्या.

फुली आणि पीळ

कितीही नाजूक, कितीही रुंद लेस असू दे, हाताच्या हालचाली दोनच. एका वेळी दोन जोड्या, म्हणजे चार दोरे घ्यायचे. डावीकडून त्यांना १, २, ३, ४ म्हणू. हे क्रमांक जागांचे आहेत, दोऱ्यांचे नाहीत. जागेवरचा दोरा बदलला तरी जागेचा क्रमांक तोच.

पहिली हालचाल: २ वरचा दोरा ३ वरच्या दोऱ्यावरून उजवीकडे न्यायचा. हिला इंग्रजीत क्रॉस म्हणतात, मी फुली म्हणते. दुसरी: २ वरचा दोरा १ वरून डावीकडे आणि ४ वरचा ३ वरून डावीकडे. हा ट्विस्ट, म्हणजे पीळ. फुलीत डावा दोरा उजव्यावरून जातो, पिळात उजवा डाव्यावरून. एवढंच पाठ करायचं.

फुली, पीळ, फुली असं केलं की डावीकडची जोडी उजवीकडच्या जोडीतून आरपार जाते आणि मध्ये कापडासारखी घट्ट वीण पडते. हा कापडी टाका. फुली, पीळ एवढ्यावरच थांबलं की अर्धा टाका. त्याची वीण जाळीदार, तिरकी आणि दिसायला सुंदर असते. या अर्ध्या टाक्याने मला पुढे चांगलंच रडवलं.

कागदावर चार दोरे काढून बघा. १ वर अ, २ वर आ, ३ वर इ, ४ वर ई. फुली केली की क्रम होतो अ, इ, आ, ई. पीळ दिला की इ, अ, ई, आ. परत फुली दिली की इ, ई, अ, आ. म्हणजे इ-ई ही जोडी अखंड डावीकडे आली आणि अ-आ अखंड उजवीकडे गेली. पण दुसऱ्या पायरीवर थांबलात तर डाव्या हातात इ आणि अ आहेत, उजव्या हातात ई आणि आ. दोन्ही संसार मोडून नवे जोडले. कापडी टाक्यात जोडीला जोडीदार टिकतो, अर्ध्या टाक्यात तो दर पावलाला बदलतो. हे लक्षात ठेवा, लागणार आहे.

दोरा गुंततोच का

२००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी एक प्रयोग केला. दोरी डब्यात टाकायची, डबा फिरवायचा, उघडून बघायचं. असं त्यांनी ३,४१५ वेळा केलं. काही सेकंदांत दोरीला आपोआप गाठी पडत होत्या. दोरी जितकी लांब तितकी गाठीची शक्यता जास्त, पण साधारण ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला मात्र गाठ पडली नाही. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं, जे हसवणाऱ्या पण विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. दिवाळीला लाइटची माळ डब्यातून काढताना आपण सगळेच हा प्रयोग करतो, फक्त मोजत नाही.

बॉबिन लेसमधल्या जुन्या जाणत्या बायकांना हे डब्याशिवाय कळलं होतं. उशी आणि बॉबिन यांच्यामध्ये लोंबणारा दोरा चार-पाच बोटांपेक्षा लांब ठेवायचा नाही, आणि सगळ्यांचा साधारण सारखा ठेवायचा, हा त्यांचा नियम. लांब दोऱ्याची बॉबिन लोळते, शेजारणीच्या पलीकडे जाते, परतताना तिच्या खालून येते. आखूड दोऱ्याच्या बॉबिनीला भटकायला जागाच नसते. मला सुरुवातीला दोरा दर थोड्या वेळाने सोडायचा कंटाळा यायचा, म्हणून मी वीतभर सोडून ठेवायची. त्या वितीची किंमत नंतर दिली.

लोळणं थांबवायचा दुसरा उपाय म्हणजे वजन आणि आकार. इंग्लंडच्या मधल्या भागात बॉबिनीच्या टोकाला तारेत ओवलेल्या काचमण्यांचं कडं असतं. त्याने दोऱ्याला ताण मिळतो आणि बॉबिन गोल असूनही गडगडत नाही. माझे काळे मणी त्यासाठी. आमच्या गल्लीत बारीक काचमणी म्हटले की तेच पटकन मिळतात.

आता मानेवरचा फास. दोरा गुंडाळल्यावर वर एक अर्धा फास टाकतात, म्हणून बॉबिन लोंबत राहते आणि दोरा आपोआप सुटत नाही. आपल्या भाषेत दोन नेमके शब्द आहेत: सुरगाठ आणि निरगाठ. हा फास सुरगाठीच्या घरातला. बॉबिन आडवी धरून तिच्या स्वतःभोवतीच फिरवली की दोरा हवा तेवढा सुटतो, थांबलं की थांबतो. आडवी धरणं महत्त्वाचं. तिच्या टोकावरून दोरा ओढून काढला तर प्रत्येक वेढ्यामागे दोऱ्याच्या अंगच्या पिळात एका फेऱ्याची भर पडते किंवा घट होते. पीळ वाढला की दोरा सैल सोडताच स्वतःभोवती वेटोळं घालतो आणि त्या वेटोळ्यात शेजारचा दोरा अडकतो. पीळ कमी झाला की दोरा पोकळ होतो आणि एके दिवशी टाचणीपाशी तुटतो. म्हणून अधूनमधून बॉबिन उशीच्या कडेवरून मोकळी लोंबत सोडावी. ती स्वतःच गिरक्या घेऊन शांत होते.

आणि टाचण्या. खरं सांगायचं तर रोजच्या कामातले निम्मे गुंते बॉबिनींचे नसतातच. बॉबिनींचा झुबका उचलून बाजूला ठेवताना एखादा दोरा टाचणीच्या डोक्याला अडकतो, आणि चार ओळी पुढे गेल्यावर लक्षात येतं की अमुक जोडी तिच्या जागी येतच नाही. ज्या टाचण्यांचं तूर्त काम नाही त्या अर्ध्याअधिक आत दाबाव्यात, किंवा त्यांच्यावर सुती कापडाची घडी टाकावी.

डच चित्रकार व्हर्मीरचं लेस विणणाऱ्या मुलीचं चित्र बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. १६७० च्या सुमाराचं, लूव्र संग्रहालयात आहे, आणि प्रत्यक्षात वहीच्या पानाएवढंच, जेमतेम २४ सेंटिमीटर उंच. त्यात पुढे एका गादीतून लाल-पांढरे दोरे बदाबदा सांडलेले दाखवले आहेत. लोक त्या रंगांचं कौतुक करतात. माझ्या पोटात मात्र गोळा येतो.

तिपेडी वेणी आणि एक जर्मन गणित

आता मूळ मुद्दा. आपण "गाठ बसली" असं सहज म्हणतो, पण गुंता आणि गाठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेसमधल्या दोऱ्याची वरची बाजू टाचणीला धरलेली आहे आणि खालचं टोक, म्हणजे बॉबिन, मोकळं आहे. बॉबिनी नुसत्या एकमेकींवरून लोळल्या असतील तर दोऱ्यांची जी काही अवस्था होते तिला गणितात वेणी म्हणतात. खरंच म्हणतात. एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२५ मध्ये वेण्यांचा सिद्धांत मांडला. त्यात दोरे वर बांधलेले, खाली ओळीत, आणि मध्ये ते एकमेकांना ओलांडतात. प्रत्येक ओलांडण्याला एक उलट ओलांडणं असतं. दोन्ही एकामागोमाग केली की काहीच केलं नाही असं होतं. म्हणून कुठलीही वेणी, कितीही भयंकर दिसली, तरी पूर्ण सुटते. एकच अट: ज्या क्रमाने पडली त्याच्या नेमक्या उलट क्रमाने.

हे आपल्या आयांना आर्टिनच्या आधीपासून माहीत आहे. केस विंचरताना फणी शेंड्यापासून सुरू करायची, मुळापासून नाही. मुळाशी फणी घातली की सगळा गुंता खाली ढकलला जाऊन शेंड्याशी निरगाठ बसते आणि पोरगी किंचाळते. वेणीचा शेवटचा पेड शेंड्याशी पडलेला असतो, म्हणून तोच आधी सुटायला हवा.

लेसमध्ये शेंडा म्हणजे बॉबिनीकडची बाजू. आणि तरीही माणूस नेमकी उलट चूक करतो. डोळे लेसकडे लागलेले असतात, म्हणून तिथलाच दोरा बोटाने उचलून ओढायचा मोह होतो. ओढल्यावर सैल वळसे आवळतात, दोऱ्याचे तंतू एकमेकांत रुततात, आणि नुसता गुंता होता त्याची तिथल्या तिथे गाठ होते. माझ्या छत्तिसांपैकी दोन जोड्यांचं हेच झालं, पहिल्याच संध्याकाळी, माझ्याच हाताने.

दुसरी चूक जरा सूक्ष्म आहे. आपण सगळ्यात वरचा दोरा शोधतो, तो आधी बाजूला करू म्हणून. पण तो असेलच असं नाही. साध्या तिपेडी वेणीत सगळ्यात वरचा पेड दाखवा बघू. पहिला दुसऱ्याच्या वर, दुसरा तिसऱ्याच्या वर, तिसरा परत पहिल्याच्या वर. वरचा असा कुणी नाहीच. म्हणून वरचा दोरा शोधू नये, खालचा छेद शोधावा. छेद म्हणजे दोन दोरे एकमेकांना ओलांडतात ती जागा. प्रत्येक बॉबिनीपासून दोऱ्यावरून वर डोळा न्यायचा आणि तो पहिल्यांदा कुणाला भेटतो ते बघायचं. दोन शेजारणी बॉबिनी अशा सापडतात की दोघींची पहिली भेट एकमेकींशीच आहे. तो छेद सर्वांत शेवटी पडलेला. त्यातली वरून गेलेली बॉबिन वरूनच परत आणायची. मग पुन्हा तोच शोध. अशी एक तरी जोडी प्रत्येक वेणीत असतेच, त्यामुळे "आता कुठून सुरू करू" हा प्रश्न खरं तर कधी उरत नाही.

आर्टिनच्या गणितातला आणखी एक नियम इथे कामाला येतो. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन छेदांचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही. १-२ मधला छेद आधी सोडवा की ३-४ मधला, उत्तर एकच. म्हणून डाव्या टोकाच्या जोड्या नीट असतील तर त्यांना हातही लावायचा नाही. त्या बाजूला घेऊन, मधून पट्टी ओवून, उशीला टाचून ठेवायच्या. उजव्या टोकाच्या तशाच. मी छत्तीसपैकी दहा बॉबिनी अशा पहिल्याच दिवशी वेगळ्या काढल्या आणि माझा रक्तदाब खाली आला.

एखादी बॉबिन दुसऱ्या दोऱ्याच्या वळशातून आरपार गेली असेल तर वेणीचा नियम तेवढ्यापुरता मोडतो. पण टोक मोकळं असल्यामुळे ती आली तशीच परत काढता येते, वळसा चिमट्याने मोठा करून. दोरा टाचणीच्या डोक्यावरून अडकला असेल तर तो डोक्यावरूनच उचलून काढायचा, बॉबिन फिरवत बसायचं नाही.

बसायचं कसं

उशीखाली गडद कापड, वर बाजूने पडणारा दिवा. बाजूच्या प्रकाशात वरच्या दोऱ्याची सावली खालच्यावर पडते, म्हणून कोण वर कोण खाली ते कळतं. समोरून टॉर्च मारला तर सगळं सपाट दिसतं. हत्यारं तीन पुरतात: बोथट सुई, बारीक क्रोशाची सुई आणि भुवयांचा चिमटा. कात्री खोलीबाहेर. हे मी गमतीने म्हणत नाही.

आणि आधी ठरवायचं की समोर आहे तो गुंता आहे की चूक. शेवटच्या टाचण्यांच्या ओळीच्या खाली जे आहे तो गुंता. तिच्या वर वीण आकृतीशी जुळत नसेल तर ती चूक, आणि ती सोडवायची रीत वेगळी. तिथे टाका उलटा विणायचा. मगाचच्या क्रमांकांनी सांगते. फुलीत २ वरचा दोरा ३ च्या जागी वरून गेला होता, म्हणून आता ३ वरचा दोरा वरून २ वर आणायचा. पिळात २ वरचा १ वर गेला होता, तर १ वरचा वरून २ वर, आणि ३ वरचा ४ वर. गंमत अशी की पीळ सोडवताना हात फुलीसारखा चालतो आणि फुली सोडवताना पिळासारखा. नवख्या बाईचा हात इथे हमखास सवयीने सुलटा जातो आणि सोडवता सोडवता ती आणखी विणून बसते. उलटं विणताना तोंडाने बोलत विणावं. घरच्यांना वाटू दे काय वाटायचं ते.

कापडी टाक्याच्या पट्ट्यात हे सोपं जातं. तिथे एक जोडी आडवी फिरते आणि बाकीच्या उभ्या राहतात, हातमागावरच्या ताण्या-बाण्यासारख्या. कोण कुठली ते लगेच ओळखू येतं. अर्ध्या टाक्यात दर टाक्याला जोड्या मोडतात, एकच दोरा आडवा चालत राहतो आणि बाकीचे तिरके सरकतात. तिथे "ही जोडी कुठली" हा प्रश्नच चुकीचा ठरतो. एकेक दोरा टाचणीपर्यंत मागे न्यावा लागतो. माझ्या लेसमध्ये मधोमध अर्ध्या टाक्याचं एक पान होतं, आणि चादर सोडली तेव्हा त्या पानाची शेवटची ओळ अपुरी होती. गाशा गुंडाळायच्या घाईत मी ओळ पुरी केलीच नव्हती. अकरापैकी सहा संध्याकाळी त्या पानाच्या. तेव्हापासून उठायचं असेल तर मी आधी ओळ संपवते, टाचणी रोवते, टाचणीखालचा टाका घालते, मगच उठते. दारावरची बेल वाजत राहिली तरी.

दोरा तुटलाच तर? विट्याकडे यंत्रमागावर धागा तुटला की कामगार दोन बोटांत जी चपटी गाठ मारतात ती इथेही चालते. त्या गाठीला विणकर गाठ म्हणतात. ती लहान, घट्ट आणि ताण आल्यावर सरकत नाही. माझ्या चुलत जावेने माहेरच्या मागावर ती शेकड्यांनी मारलेली. तिने मला शिकवायला दोन मिनिटं घेतली, मी शिकायला एक दुपार. मात्र गाठ लेसच्या अंगात येता कामा नये. म्हणून ती बॉबिनीकडे सरकवून ठेवायची आणि ती विणीपर्यंत पोचायच्या आधी नवा दोरा टाचणीला अडकवून जुन्याला लावून घ्यायचा, चार-पाच टाचण्या दोघांना एकच समजून विणायचं, मग जुना सोडून द्यायचा. शेपट्या लेस उतरल्यावर कापायच्या. माझ्या त्या आवळलेल्या दोन जोड्यांना हेच करावं लागलं. त्या जागी वीण जराशी जाड आहे. सुलट्या बाजूने कळत नाही, पण बोट फिरवलं की कळतं.

जावेकडूनच आणखी एक गोष्ट उचलली. मागावर चढवायच्या आधी उभ्या धाग्यांत एक वर एक खाली अशा काठ्या घालून ठेवतात. धागे कितीही हलले, सैल पडले, तरी त्या काठ्यांपाशी त्यांचा क्रम शाबूत असतो. क्रम हरवला की हजारो धागे असूनही ते निरुपयोगी. मग मी लेससाठी तेच केलं. कापडपेठेतून जाड इलॅस्टिकची पट्टी आणली. काम थांबवताना ती बॉबिनींच्या मानेखालून एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी ओवते, दोन्ही टोकं उशीला टाचते आणि वरून कापड घट्ट बांधते. मग उशी उलटी झाली तरी क्रम तिथेच. युरोपात यासाठी तयार पट्ट्या मिळतात असं भाची म्हणते. माझी अकरा रुपयांची आहे.

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची. माझी स्वतःची पातळी ३० फूट आहे. मोबाईलवर तेवढा आकडा आला की मी चालू ओळ पुरी करते, पट्टी ओवते, कापड बांधते आणि उशी माळ्यावर टाकते. सुनेच्या यादीत ती आता देवांच्या खाली आणि धान्याच्या डब्यांच्या वर आहे.